धनादेशावरची तारीख

निवडणुकांचा इतिहास वाचताना प्रचारनिधीचा आकडा हाच लोकमताचा आकडा, असे आम्ही सहज धरून चालतो. १९४८ची अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणूक या समजुतीला छेद देते.

सप्टेंबरअखेर ओक्लाहोमा सिटीत हॅरी ट्रुमन यांची प्रचाराची आगगाडी पैशांअभावी अडली. तेथेच वर्गणी जमवून ती पुढे निघाली. ऑक्टोबरात ‘न्यूजवीक’ने विचारलेल्या ५० राजकीय पत्रकारांपैकी प्रत्येकाने थॉमस ड्यूई यांचा विजय वर्तवला. हरणाऱ्या घोड्यावर पैसे लावणार कोण? प्रत्यक्षात ट्रुमन ३०३ विरुद्ध १८९ अशा निर्वाचक मतांनी जिंकले. मग मतदानापूर्वीची तारीख घातलेले धनादेश येऊ लागले.

कोण जिंकेल असे धनिकांना वाटते, एवढेच तिजोरी सांगते. मतदारांचे मन त्या जमाखर्चात नोंदलेले नसते.