बर्फाची छायाचित्रे आणि पाठीवरचे ओझे

प्रवासात काढलेले छायाचित्र ही आपण सहसा निरुपद्रवी वस्तू समजतो. इमारत आहे, डोंगर आहे, बर्फ आहे. त्यात कोणाची बाजू घेण्याचा प्रश्न येतोच कोठे, असे वाटते. पाठ्यपुस्तकात, दिनदर्शिकेवर, कचेरीच्या भिंतीवर अशी चित्रे आपण पाहत आलो आहोत. इतिहास कोणी लिहिला, कोणाच्या सोयीने लिहिला, हा प्रश्न विचारण्याची सवय चळवळीने आपल्याला लावली. पण तोच प्रश्न आपण छायाचित्राला क्वचितच विचारतो. पोथीवर संशय घेणारा कार्यकर्ताही छायाचित्रापुढे श्रद्धाळू होतो. कॅमेरा खोटे बोलत नाही, अशी त्याची समजूत असते. कॅमेरा खोटे बोलतो असे मलाही म्हणायचे नाही. तो डोंगरावर चढला कसा, एवढेच मला विचारायचे आहे.

यासाठी एकच उदाहरण घेतो. सॅम्युएल बोर्न हा नॉटिंगहॅमच्या एका बँकेतील कारकून. छायाचित्रणाचा नाद लागला, नोकरी सोडली आणि १८६३ मध्ये तो कलकत्त्यास उतरला. तेथून सिमल्यास गेला. प्रथम हॉवर्ड आणि नंतर शेफर्ड यांच्याबरोबर त्याने भागीदारी केली. त्यातून पुढे ‘बोर्न अँड शेफर्ड’ ही प्रसिद्ध पेढी उभी राहिली. कलकत्त्यातील तिची वास्तू १९९१ च्या आगीत होरपळली आणि पेढी २०१६ मध्ये बंद झाली. बोर्न स्वतः सात-आठ वर्षेच येथे होता. तेवढ्या काळात त्याने दोन हजारांहून अधिक काचा तयार केल्या. ताजमहाल, कुतुबमिनार, काशीचे घाट, लखनौचे इमामबाडे, काश्मीरची सरोवरे, सतलजचे खोरे, सिमल्याचे बर्फाने वाकलेले देवदार, हे सारे त्याच्या यादीत क्रमांकाने बसलेले आहे. साहेबलोक ही चित्रे विकत घेत, आल्बमात चिकटवीत आणि मायदेशी पाठवीत. सिमला १८६४ पासून उन्हाळी राजधानी झाले. हिवाळ्यात सरकार खाली उतरे. म्हणजे बर्फातले सिमला बऱ्याच साहेबांना चित्रातच पाहायला मिळत असणार. ते बर्फ प्रत्यक्ष तुडवीत लाकूडफाटा वाहणाऱ्याला त्या चित्राची गरज नव्हती.

बोर्नने हिमालयात तीन मोठे प्रवास केले. १८६३ मध्ये सिमल्याहून चिनीकडे, म्हणजे आजच्या किन्नौरमधील कल्पाकडे. १८६४ मध्ये काश्मीर. १८६६ मध्ये कुलू, लाहौल, स्पिती, मणिरंगची खिंड आणि शेवटी गंगोत्री. मणिरंगची खिंड १८,६०० फुटांवर आहे. त्या उंचीवर त्याने काढलेल्या छायाचित्रांचा विक्रम पुढे सुमारे वीस वर्षे मोडला गेला नाही. छायाचित्रणाच्या इतिहासात हा विक्रम बोर्नच्या नावे नोंदलेला आहे.

आता या विक्रमाची दुसरी नोंद पाहू. त्या काळी ‘ओल्या काचे’ची पद्धत होती. काच स्वच्छ पुसायची, तिच्यावर कलोडियन नावाचे चिकट द्रावण सारखे पसरायचे, अंधारात चांदीच्या क्षाराच्या पाण्यात ती बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि वाळायच्या आत पुन्हा अंधारात नेऊन ते उमटवायचे. काच वाळली की सारे फुकट. म्हणून छायाचित्रकाराला अंधाराची खोलीच बरोबर न्यावी लागे. तंबू, दहा-बारा इंची काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, बशा, पाणी, जड लाकडी कॅमेरा, तिकाटणे. आणि या सर्वांशिवाय साहेबाचा राहण्याचा तंबू, अंथरूण-पांघरूण, शिधा. त्या वाटांवर गाडी चालत नव्हती आणि कित्येक ठिकाणी खेचरही चालत नव्हते. पहिल्या प्रवासात सुमारे तीस, दुसऱ्यात बेचाळीस आणि तिसऱ्यात सुमारे ऐंशी माणसांच्या पाठीवरून हे ओझे गेले. काच म्हणजे साधे ओझे नव्हे. पाय घसरला तर माणूस जाईल, पण काच फुटता कामा नये, असा तो हिशेब.

मग ही माणसे चित्रांत कोठे आहेत? बहुतेक ठिकाणी नाहीत. याचे एक कारण तांत्रिक आहे आणि ते लक्षात घेण्यासारखे आहे. त्या काचेवर चित्र उमटायला काही सेकंद, कधी त्याहून बराच जास्त वेळ लागे. तेवढ्यात जे हलले ते पुसट झाले किंवा मुळीच उमटले नाही. डोंगर हलत नाही, मंदिर हलत नाही, बर्फ हलत नाही. ओझे घेऊन चालणारा माणूस हलतो. म्हणजे त्या यंत्राच्या रचनेतच श्रम करणारा माणूस श्रम करताना दिसणे कठीण होते. त्याला चित्रात यायचे असेल तर ओझे उतरवून, हुकूम होईल तेथे, हुकूम होईल तितका वेळ स्तब्ध उभे राहावे लागे. आणि त्याला असे उभे केले जाई ते बहुधा त्याच्यासाठी नव्हे, तर डोंगर किती मोठा आहे हे पाहणाऱ्याला कळावे म्हणून. मणिरंगच्या बर्फावर जी मुंगीएवढी माणसे दिसतात, ती या कामासाठी दिसतात. फूटपट्टीऐवजी माणूस.

ही रीत डोंगरातच होती असे नाही. ऐतिहासिक स्थळांच्या चित्रांतही ती आढळते. लखनौच्या सिकंदरबागेचे फेलिचे बेआतो याने १८५८ मध्ये काढलेले छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. नोव्हेंबर १८५७ मध्ये तेथे सुमारे दोन हजार शिपाई कापले गेले. काही महिन्यांनी बेआतो पोचला. समोरच्या अंगणात हाडे विखुरलेली आहेत आणि मागे पडकी इमारत. ती हाडे चित्रासाठी उकरून पसरण्यात आली, असे त्या काळच्या माणसांनीच सांगितले आहे. त्या हाडांच्या जवळ काही देशी माणसे उभी आहेत. कोण होती ती? आपल्याच लोकांच्या हाडांमध्ये त्यांना कोणी उभे केले? चित्राखाली उत्तर नाही. याच सिकंदरबागेत झाडावर चढून लढलेली उदादेवी पासी हिची आठवण उत्तर प्रदेशातील दलित समाजाने जपली आहे. साहेबाच्या आल्बमात सिकंदरबाग हे विजयाचे स्थळ आहे. पासी वस्तीत ते उदादेवीचे स्थळ आहे. इमारत एकच. स्थळ ‘ऐतिहासिक’ ठरते ते दगडांमुळे नव्हे, ते कोणाची आठवण म्हणून दाखवले जाते यावरून ठरते. आपल्याकडे कोरेगावच्या स्तंभाबाबत हेच घडले, आणि त्यासाठी बाबासाहेबांना १९२७ च्या १ जानेवारीस तेथे जाऊन उभे राहावे लागले.

पुन्हा बोर्नकडे येऊ. तो नुसता छायाचित्रकार असता तर त्याच्या ओझेवाल्यांबद्दल आपल्याला फारसे काही कळले नसते. पण त्याला लिहिण्याची हौस होती. लंडनच्या ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’ या नियतकालिकात त्याने आपल्या प्रवासांवर दीर्घ लेखमाला लिहिल्या. त्यांत प्रकाशाविषयी, रसायनांविषयी, निसर्गाविषयी पुष्कळ मजकूर आहे. हिमालय अतिभव्य आहे, पण इंग्लंडच्या निसर्गासारखा चित्रात नीट बसत नाही, अशी त्याची एक तक्रार आहे. ती वाचून हसू येते. दुसरी तक्रार मात्र पुन्हा पुन्हा येते आणि ती हसण्यासारखी नाही. कुली पळून जातात, ही ती तक्रार. रात्री मुक्कामावर होते, सकाळी नाहीत. ओझी वाटेत टाकून गेले. बर्फाच्या खिंडीकडे जायचे म्हटले की कुरकुर सुरू झाली. एकदा तर हातात काठी घेऊन तो स्वतः गावात शिरला, घरात लपून बसलेल्यांना शोधून काढले आणि काठी चालवली. हे कोणा विरोधकाने लिहिलेले नाही. त्याने स्वतः लिहिले, संपादकाने छापले आणि वाचकांनी प्रवासातील गंमत म्हणून वाचले. बोर्न फार दुष्ट होता असे मला वाटत नाही. तो त्या काळचा सर्वसाधारण साहेब होता, आणि सर्वसाधारण माणसाला जे लिहिताना लाज वाटत नाही, त्यातच त्या काळाचा खरा पुरावा असतो.

या तक्रारीला मी फार महत्त्व देतो. ज्या माणसांना लिहिता येत नव्हते, ज्यांचे चित्र उमटत नव्हते, त्यांनी जे केले ते मालकाच्या तक्रारीत शिल्लक राहिले. पळून जाणे हे त्यांचे निवेदन आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ‘कुली आळशी, बेभरवशाचे’ अशी वाक्ये कोणत्याही प्रवासवर्णनात वाचली, की तेथे थांबावे. बेभरवशाचा हा शब्द ज्याने वापरला, त्याने कोणत्या भरवशावर त्या माणसाला घराबाहेर काढले होते, ते शोधावे.

तो भरवसा बेगारीचा होता. डोंगरी संस्थानांत आणि इंग्रजी मुलखातही साहेब, अंमलदार, शिकारी, प्रवासी यांचे ओझे पुढच्या मुक्कामापर्यंत पोचवण्याची सक्ती गावावर असे. मागणी मुखियाकडे जायची, मुखियाने माणसे काढून द्यायची. मजुरी कधी मिळे, कधी नाही, आणि मिळाली तरी नकार देण्याचा हक्क नव्हता. पेरणी असो, कापणी असो, घरात मूल आजारी असो. आपल्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. सरकारी लवाजम्याचे सामान गावच्या शिवेपर्यंत नेणे हे महाराचे काम आहे, असे आपल्याकडेही वतनाच्या नावाखाली ठरलेलेच होते. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच वेठीविरुद्ध होते.

मात्र येथे एक सावधगिरी पाहिजे. बोर्नचे सर्व ओझेवाले अस्पृश्य होते असे समजणे चूक ठरेल. पहाडात बेगार मुख्यतः शेतकऱ्यांवर होती आणि त्यांत सवर्ण म्हणवणारेही होते. म्हणूनच तेथे तिच्याविरुद्ध मोठे आंदोलन उभे राहू शकले. साहेबाचे शौचाचे भांडे वाहावे लागते, याची चीड कुमाऊँच्या सवर्णांना विशेष होती. ती चीड योग्यच होती. पण जे काम पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या माथी मारले, ते आपल्या माथी आले तेव्हाच ते अपमानाचे का वाटावे, हा प्रश्न त्या चळवळीच्या इतिहासकारांनी फारसा विचारलेला नाही.

१९२१ च्या मकरसंक्रांतीस बागेश्वरच्या उत्तरायणी जत्रेत हजारो लोक जमले. बद्रीदत्त पांडे आदी पुढारी होते. तेथे बेगार न देण्याची शपथ घेतली गेली आणि गावागावांच्या मुखियांनी कुलींच्या नोंदवह्या शरयू नदीत फेकल्या. त्याच सुमारास सिमल्याच्या पहाडात कोटगढकडे सॅम्युएल स्टोक्स याने बेगारीविरुद्ध लढा दिला. त्या नोंदवह्यांचा विचार मी अनेकदा करतो. ओझेवाल्याचे नाव कोठेच लिहिले जात नव्हते असे नाही. छायाचित्राखाली खिंडीचे नाव, उंची आणि क्रमांक असे. ओझेवाल्याचे नाव होते ते या वहीत, कारण त्याला पकडून आणायचे होते. ती वही बुडाली म्हणून आज संशोधकाला हळहळ वाटली तर वाटो. बोर्नच्या काळी जो एकेकटा रात्री पळत होता, त्याने साठ वर्षांनी दिवसाढवळ्या सर्वांदेखत नकार दिला.

आणि तरीही गढवालमधील शिल्पकारांचे, म्हणजे तेथील अस्पृश्यांचे, ओझे उतरले नाही. डोली आणि पालखी बनवणारे हात त्यांचेच, पण त्यांच्या वधू-वरांना तिच्यात बसण्याची बंदी. जयानंद भारती यांच्या नेतृत्वाखाली त्यांना १९२० च्या दशकापासून वर्षानुवर्षे डोला-पालखीचा लढा द्यावा लागला. सवर्णांनी वराती अडवल्या, मारहाण केली. प्रकरण इतके चिघळले की १९४१ मध्ये गांधीजींनी गढवालमधील वैयक्तिक सत्याग्रह थांबवला. बेगार बंद करण्यासाठी एकत्र आलेला पहाड, शिल्पकार पालखीत बसला तेव्हा एकत्र राहिला नाही.

बर्फाच्या छायाचित्रांत ओझेवाला ठळकपणे समोर यायला १९५३ साल उजाडले. २९ मे रोजी एव्हरेस्टवर काढलेले ते चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे: तोंडावर प्राणवायूचा मुखवटा, वर उचललेली बर्फकुऱ्हाड, तिला बांधलेले झेंडे. हा तेनसिंग नोर्गे. १९३५ मध्ये तो एव्हरेस्टच्या मोहिमेवर प्रथम गेला तो ओझेवाला म्हणूनच. चित्र काढले एडमंड हिलरीने. हिलरीचे शिखरावरचे चित्र नाही. ते का नाही, याची दोन उत्तरे छापलेली आहेत. हिलरीच्या म्हणण्याप्रमाणे तेनसिंगला कॅमेरा चालवता येत नव्हता आणि ते शिकवण्याची ती जागा नव्हती. तेनसिंगने १९५५ च्या आपल्या आत्मकथनात सांगितले आहे की, आता तुझे चित्र मी काढतो अशी खूण त्याने केली होती. हिलरीने मान हलवून नको म्हटले. पहिले उत्तर जगभर पसरले. दुसरे ज्या पुस्तकात आहे, ते तेनसिंगने सांगितले आणि दुसऱ्याने लिहून काढले, कारण तेनसिंगला लिहिता येत नव्हते.