दाराबाहेर थबकणारा शास्त्रज्ञ

लंडनमध्यें सोहो चौकांत सर जोसेफ बँक्स यांच्या घरीं रविवारीं सायंकाळीं विद्वानांचा मेळा भरत असे. बँक्स १७७८ पासून रॉयल सोसायटीचे अध्यक्ष. तेव्हां नव्या शोधांची वार्ता ज्याला हवी, त्याला हा जिना चढणें भाग होतें. त्याच जिन्याच्या माथ्यावर, विटक्या जांभळ्या रंगाच्या जुनाट पोशाखांतील एक गृहस्थ बंद दारापुढें ताटकळत उभे असलेले दिसत. आंत जाण्याचें धैर्य होत नसे. मागून कोणाचीं पावलें वाजलीं कीं मात्र निरुपायानें ते दार लोटीत.

हे हेन्री कॅव्हेंडिश. हायड्रोजन वायूचे गुणधर्म यांनींच १७६६ सालीं मांडले. पृथ्वीची घनता यांनींच १७९८ सालीं मोजली. घराणें ड्यूकचें, संपत्ति अपार. पण अनोळखी माणूस समोर आला कीं यांची वाचा बसे. एकदां बँक्सांकडेच एका ऑस्ट्रियन पाहुण्यानें त्यांचें तोंडावर स्तुतिस्तोत्र आरंभिलें. कॅव्हेंडिश मान खालीं घालून उभे राहिले आणि गर्दींत फट दिसतांच जे पळाले ते थेट आपल्या गाडींत!

तरीहि १७६० पासून सोसायटीच्या मंडळींची गुरुवारची मेजवानी त्यांनीं सहसा चुकविली नाहीं. ठरलेला वार, ठरलेली मंडळी, हॅटसुद्धां ठरलेल्या खुंटीला. परिचितांनींहि एक युक्ति शोधली होती. त्यांच्याकडे न पाहतां, जणूं हवेशींच बोलावें तसा एखादा शास्त्रीय प्रश्न टाकावयाचा. विषय रुचला तर मोलाचें उत्तर मिळे. बुजरेपणाला तुसडेपणा समजणारे पुष्कळ असतात; पण माणूसघाणा मनुष्य मुळीं तो जिनाच चढत नाहीं.

मात्र जें कोणी विचारलें नाहीं, तें कॅव्हेंडिशांच्या कागदांतच राहिलें. दोन वीजभारांमधील बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत असतें, हें त्यांनीं प्रयोगानें ताडलें होतें. कीर्ति लाभली ती १७८५ सालीं कूलोंब यांना. विद्युत्प्रवाहाचा जो नियम ओम यांनीं १८२७ मध्यें प्रसिद्ध केला, तोहि त्यांना आधीं गवसला होता. प्रवाह मोजण्याचें यंत्र नव्हतें. स्वतःच्या देहाला बसणाऱ्या धक्क्यांची तुलना करून त्यांनीं मापें घेतलीं.

१८१० सालीं ते वारले. ते कागद जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनीं १८७९ मध्यें छापून काढले. तत्पूर्वीं केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेंत त्यांनीं ते प्रयोग पुन्हा करून पाहिले, आणि तेथें येणाऱ्या पाहुण्यांनाहि विजेचे धक्के घ्यावयास लाविलें.