लॅब्रॅडॉर की अल्सेशियन?

घरात मोठा कुत्रा आणायचे एकदा ठरले की शहरी कुटुंबातील वाद बहुधा दोनच नावांभोवती घोटाळतो. मुलांना लॅब्रॅडॉर हवा असतो. वडिलांच्या मनात लहानपणी कुठल्याशा बंगल्याच्या फाटकाआड पाहिलेला रुबाबदार अल्सेशियन घर करून बसलेला असतो. आणि ज्यांच्या वाट्याला प्रत्यक्ष सांभाळण्याचे काम येणार, त्या आईचे किंवा आजीचे मत सर्वांत शेवटी विचारले जाते. वास्तविक ते सर्वांत आधी विचारायला हवे, कारण हा निर्णय दहा-बारा वर्षांसाठी घ्यायचा असतो.

अल्सेशियन म्हणजेच जर्मन शेफर्ड. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये 'जर्मन' हा शब्दच नकोसा झाला आणि हे दुसरे नाव रूढ झाले. तेथील केनेल क्लबने १९७७ मध्ये मूळ नाव पुन्हा स्वीकारले; आपल्याकडे मात्र जुने नाव अजून टिकून आहे. मॅक्स फॉन श्टेफानित्झ या माजी लष्करी अधिकाऱ्याने १८९९ मध्ये या जातीची पद्धतशीर पैदास सुरू केली, ती मेंढ्या राखण्यासाठी. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांच्या बरोबरीने पाण्यात काम करीत (नाव मात्र शेजारच्या लॅब्रॅडॉर प्रदेशाचे पडले). पुढे ब्रिटनमधील जमीनदारांनी शिकारीत पडलेले पक्षी दातांचा ओरखडाही न उमटवता उचलून आणण्यासाठी ही जात घडवली. १९०३ मध्ये तिला केनेल क्लबची मान्यता मिळाली.

हा इतिहास केवळ माहितीपुरता नाही. दोघांच्या स्वभावातील फरक त्यातूनच आला आहे.

स्वभाव आणि सदनिका

कळप राखणारा कुत्रा आपले कोण आणि परके कोण हे सतत पारखत असतो. शेफर्ड आपल्या कुटुंबाशी, त्यातही एखाद्या व्यक्तीशी, विलक्षण एकनिष्ठ राहतो. पण अनोळखी माणसाला सहजासहजी जवळ करीत नाही. बंगल्यात हा गुण ठरतो. ज्या सदनिकेत सकाळपासून दूधवाला, पेपरवाला, कामवाल्या मावशी, कुरिअरवाला आणि मुलांचे मित्र यांची ये-जा असते, तेथे तोच गुण डोकेदुखी होऊ शकतो. धावणाऱ्या मुलांच्या मागे लागून त्यांच्या टाचांना हलके चावे घेणे ही तर या जातीची उपजत सवय. ती रागातून येत नाही, मात्र वेळीच मोडावी लागते.

लॅब्रॅडॉरला सगळेच आपले वाटतात, चोरही. राखणीच्या अपेक्षेने त्याला आणू नये. त्याची अडचण निराळी आहे. तोंडात वस्तू धरणे हेच त्याचे पिढीजात काम असल्याने चपला, रिमोट, सोफ्याचे कोपरे यांची पहिली दोन वर्षे धडगत नसते. शिवाय तीस किलोंचा तरुण लॅब्रॅडॉर केवळ आनंदाने अंगावर झेपावला तरी घरातील वृद्ध माणूस पडू शकतो. 'लॅब्रॅडॉर गरीब असतो' असे सांगणारे ही बाब हमखास विसरतात. पण गरीब म्हणजे मंद नव्हे. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी मुंबई पोलिसांसाठी स्फोटके हुडकणारा 'झंजीर' लॅब्रॅडॉरच होता.

जात कोणतीही असो, जन्मानंतरच्या पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत पिल्लाने जे पाहिले-ऐकले त्यावर त्याचा पुढचा स्वभाव बराचसा ठरतो. लसीकरण पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर सोडता येत नाही, हे खरे. तरी कडेवर घेऊन लिफ्ट, रिक्षांचा आवाज, छत्री घेतलेली माणसे, शाळेची मुले हे सारे दाखवता येते. शेफर्डच्या बाबतीत यात कसूर झाली तर भित्रा आणि म्हणूनच चावरा कुत्रा तयार होण्याचा धोका अधिक.

ऊन, केस आणि सांधे

दोघांच्याही अंगावर केसांचे दुहेरी आवरण असते. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही. तो धापा टाकून शरीर थंड ठेवतो आणि मुंबईच्या दमट हवेत तेही नीट साधत नाही. विदर्भातील उन्हाळ्याबद्दल तर बोलायलाच नको. फिरवणे पहाटे आणि रात्रीच. रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला चटका बसला तर त्याच्या पायांनाही बसणारच. उन्हाळ्यात केस भादरून टाकण्याची पद्धत मात्र चुकीची आहे. हे आवरण उन्हापासूनही संरक्षण करते. केस दोघांचेही वर्षभर गळतात. आखूड केसांचा लॅब्रॅडॉर कमी गाळतो, हा गैरसमज आहे.

रोजचा दीड-दोन तासांचा व्यायाम दोघांनाही लागतो. तो न मिळाल्यास लॅब्रॅडॉर लठ्ठ होतो. त्याची हावही केवळ लाडाने आलेली नसते. सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये भुकेच्या नियंत्रणाशी निगडित जनुकात दोष असल्याचे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले. त्यामुळे तो केविलवाण्या नजरेने पोळी मागत असला तरी घरातल्या सर्वांनी मिळून मन घट्ट करणे भाग आहे. शेफर्डला नुसते चालवून भागत नाही, त्याच्या डोक्यालाही काम लागते. ते नसेल तर तो भुंकून शेजाऱ्यांना हैराण करतो. त्याचे पोटही नाजूक असते.

खुब्याच्या सांध्याचा विकार ही दोन्ही जातींची मोठी दुखरी बाजू. तो बऱ्याच अंशी आनुवंशिक असल्याने पिल्लाच्या आई-वडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे मागावेत. 'हाडे मजबूत व्हावीत' म्हणून मनाने कॅल्शियमचे औषध पाजण्याची आपल्याकडे फार हौस. मोठ्या जातीच्या पिल्लाला जादा कॅल्शियमने अपायच होतो. गुळगुळीत फरशीवर चटया अंथराव्यात आणि पहिल्या वर्षात जिन्यांची चढउतार कमी ठेवावी. शेफर्डमध्ये उतारवयात मज्जारज्जूच्या विकाराने मागचे पाय लुळे पडण्याचे प्रमाणही लक्षणीय आहे. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी पस्तीस किलोंचा म्हातारा कुत्रा दिवसातून तीनदा खाली कोण नेणार, याचे उत्तर पिल्लू आणण्यापूर्वीच शोधावे.

खरेदी करताना

२०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची नोंदणी आवश्यक असते. केनेल क्लब ऑफ इंडियाची कागदपत्रे आणि मायक्रोचिप तपासावी, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहावी. ती दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, त्यानंतर पशुवैद्यकांच्या सल्ल्याने. महापालिकेचा परवानाही काढावा. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मात्र घाण उचलण्याची आणि साखळीची जबाबदारी मालकाचीच.

प्रथमच कुत्रा पाळणाऱ्या, लहान मुले असलेल्या आणि पाहुण्यांचा राबता असलेल्या कुटुंबाने लॅब्रॅडॉर निवडावा, असे आमचे मत. घरात कुत्रा हाताळण्याचा अनुभव असलेली आणि रोज तास-दीड तास मनापासून देऊ शकणारी एक तरी व्यक्ती असेल, तर शेफर्डसारखा सोबती नाही. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात घराला कुलूप असणाऱ्यांनी मात्र दोन्ही नावे तूर्त बाजूला ठेवावीत.

आणखी एक वाट सहसा कोणी पाहत नाही. हौस फिटली म्हणून किंवा बदली झाली म्हणून सोडून दिलेले या दोन्ही जातींचे प्रौढ कुत्रे शहरांतील निवाऱ्यांत येत असतात. त्यांचा स्वभाव आणि आकार दोन्ही घडलेले असल्याने पिल्लासारखा अंदाजाचा खेळ उरत नाही. अशा कुत्र्याला घरी आणण्यापूर्वी दोन-तीन वेळा भेटून यावे आणि त्या भेटीला आजी-आजोबांनाही सोबत न्यावे.