जुन्या शर्यतयंत्रांची पारख

जुनी वस्तु विकत घेणारा मनुष्य वस्तूबरोबर तिची हकीकतही विकत घेत असतो, आणि पुष्कळदां वस्तूपेक्षां हकीकतीचीच किंमत अधिक असते. इटलींत बनलेल्या जुन्या शर्यतीच्या मोटरसायकली आज युरोप-अमेरिकेंतील लिलावांत विकल्या जातात, त्या कांहीं निव्वळ लोखंड व ॲल्युमिनियम म्हणून नव्हे. अमुक स्वारानें अमुक शर्यत ह्याच यंत्रावर जिंकली, ह्या एका वाक्याची ती किंमत असते. वाक्य खोटें ठरलें कीं यंत्र तेंच राहूनही किंमत नाहींशी होते. तेव्हां हा प्रश्न वरकरणीं कारागिरांचा व दलालांचा दिसला, तरी मुळांत तो पुराव्याचा, म्हणजेच इतिहासाचा आहे. आणि म्हणूनच इतिहासाच्या अभ्यासकांनीं त्यांत लक्ष घालणें अप्रस्तुत होणार नाहीं असें आम्हांस वाटतें.

अशा परीक्षेचें एक उत्तम उदाहरण आम्हां नाशिककरांच्या अगदीं जवळ आहे. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी ह्या गांवीं क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा सांठा सांपडला. नाणीं तेरा हजारांहून अधिक होतीं, आणि त्यांपैकीं नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपलीं चिन्हें पुन्हां ठोकलेलीं होतीं. परंतु त्या नव्या ठशाखालीं नहपानाचा चेहरा व त्याचीं मूळ अक्षरें पुष्कळ नाण्यांवर अजून दिसतात. इकडे पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यांत गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यांत आपल्या पुत्रानें क्षहरात वंशाचा उच्छेद केला असें ती सांगते. लेख म्हणजे मातेनें केलेली पुत्रस्तुति. त्या एकट्यावर भिस्त ठेवणें धाडसाचें झालें असतें. नाणें तर मुकें. परंतु हे दोन साक्षीदार एकमेकांस न विचारतां एकच गोष्ट सांगतात, तेव्हां ती मानणें भाग पडतें.

ह्या उदाहरणांतून आणखी एक गोष्ट निघते. हीं नाणीं मूळ स्थितींत नाहींत. तरी त्यांस कोणी खोटीं म्हणत नाहीं. उलट बदल झाला आणि त्याची खूण उरली, म्हणूनच इतिहासाला त्यांचें मोल आहे. नहपानाचा चेहरा कोणी घासून काढून तेंच नाणें मूळचें सातवाहनांचें म्हणून विकलें असतें, तर ती मात्र लबाडी झाली असती. आमच्या मतें खोटेपणा बदलांत नसून बदलाची खूण पुसण्यांत आहे.

आतां हेंच माप शर्यतीच्या यंत्रास लावून पाहूं. असें यंत्र मूळ स्थितींत राहणें जवळजवळ अशक्य असतें. तें पडतें, वाकतें, तापून फुटतें. आज एंजिन बदललें तर उद्यां सांगाडा बदलतो. कारखान्याला शर्यत जिंकावयाची असते, वस्तुसंग्रहालय भरावयाचें नसतें. १९५७ च्या हंगामाअखेर जिलेरा, मोटो गुझी व मोंडियाल ह्या तीन इटालियन कारखान्यांनीं जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींतून अंग काढून घेतलें. एम. व्ही. अगुस्ता मात्र टिकून राहिली, आणि १९५८ पासून १९६० पर्यंत तिन्ही वर्षे १२५, २५०, ३५० व ५०० सी.सी. ह्या चारही वर्गांतील अजिंक्यपदें तिनेंच मिळविलीं. शर्यती संपल्या म्हणजे यंत्रांच्या व सुट्या भागांच्या वाटा फुटतात. कांहीं कारखान्यांत राहतात, कांहीं खासगी स्वारांकडे जातात, कांहीं भंगारांत पडतात. मग एका यंत्राच्या भागांतून दोन यंत्रें उभीं राहतात, आणि दोघांचेही मालक आपलेंच खरें असें शपथेवर सांगतात.

दुसरा प्रकार ह्याहून घसरडा आहे. २३ एप्रिल १९७२ रोजीं इमोला येथील दोनशें मैलांची शर्यत पॉल स्मार्टनें डुकाटीच्या ७५० सी.सी. यंत्रावर जिंकली, दुसरा आलेला ब्रूनो स्पाजारीही डुकाटीवरच होता. फाबिओ टालिओनी ह्या अभियंत्यानें रचलेल्या त्या एंजिनांत व्हॉल्व्ह उघडणें व मिटणें ह्या दोन्ही क्रिया कॅमच करितो. मिटण्यासाठीं स्प्रिंगेवर विसंबावें लागत नाहीं. त्या विजयाच्या पुण्याईवर डुकाटीनें १९७४ सालीं '७५० सुपर स्पोर्ट' ह्या नांवानें सुमारें चारशें यंत्रें विक्रीस काढलीं, आणि आज त्यांसच मोठी मागणी आहे. अडचण अशी कीं, त्याच काळचीं '७५० जी.टी.' व '७५० स्पोर्ट' हीं स्प्रिंगेचीं यंत्रें त्याच घराण्यांतलीं. सांगाड्याला हिरवट रंग द्यावा, पेट्रोल दिसण्यासाठीं पारदर्शक पट्टी ठेवलेली फायबरग्लासची टाकी बसवावी, कीं साध्या यंत्राचें सोंग वठलें!

तर मग पारख कशी करावी? रंग, शर्यतीचा क्रमांक व टाकीवरील नांव ह्यांस सर्वांत कमी वजन द्यावें; तीं कामें एका दिवसांत होतात. त्यानंतर ठोकलेला आकडा पाहावा. अंकांचें वळण व खोली त्याच कारखान्याच्या निर्विवाद यंत्रांशीं ताडावी. परंतु आकड्यापेक्षांही त्याच्या भोंवतालची जागा अधिक बारकाईनें न्याहाळावी. ओतींव धातूचा खरबरीतपणा नेमका तेथेंच नाहींसा झाला असेल, तर तेथें कानस फिरली असें समजावें. पोलादावर अंक ठोकतांना खालचा धातूही दबतो. वरचा अंक घासून काढला तरी तो दाब आंत उरतो, आणि न्यायसहायक शास्त्राचे तज्ज्ञ आम्ल लावून जुना अंक पुष्कळदां पुन्हां वाचूं शकतात. नहपान येथेंही खालून डोकावतो, असें म्हटलें तरी चालेल.

तिसरी साक्ष धातूची. शर्यतीच्या यंत्रांतील कित्येक भाग हलकेपणासाठीं मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे ओतलेले असत, आणि नकला बहुधा ॲल्युमिनियमच्या निघतात. ॲल्युमिनियम तेवढ्याच आकाराच्या मॅग्नेशियमहून सुमारें दीडपट जड असल्यामुळें साधा तराजूही येथें साक्ष देतो. चौथी साक्ष छायाचित्रांची: शर्यतीच्या दिवशीं घेतलेल्या चित्रांत दिसणारा वेल्डिंगचा सांधा, पाडलेलें भोंक किंवा वाकलेली नळी समोरच्या यंत्रावर आहे काय, हें पाहावें. कागदपत्र आम्ही मुद्दाम शेवटीं ठेवितों. कागद खरा असूनही तो दुसऱ्याच यंत्राचा असूं शकतो. म्हणून विक्रेत्यापासून मागें जात मालकांची सांखळी जोडावी, आणि कडी कोठें तुटते तें विचारावें. बलश्रीचा लेख व नाणीं ह्यांप्रमाणें निदान दोन स्वतंत्र साक्षी जुळल्यावांचून पैसे मोजूं नयेत.

ह्याचा अर्थ प्रतिकृति ही निंद्य वस्तु आहे असा नव्हे. माइक हेलवुडनें १९७८ सालीं आइल ऑफ मॅन येथें डुकाटीवर विजय मिळविला. पुढील वर्षापासून खुद्द कारखान्यानेंच 'माइक हेलवुड रेप्लिका' ह्या नांवानें यंत्रें विकलीं. नांवांतच प्रतिकृति असल्याचें सांगितलें असल्यामुळें त्यांत कोणाचीच फसवणूक झाली नाहीं.

हे सर्व दूरदेशचे श्रीमंती शौक आहेत, आम्हांस त्यांचें काय, असें कोणी म्हणेल. परंतु इटलीचीं दुचाकी यंत्रें आमच्या प्रांताला परकीं नाहींत. मिलानच्या इन्नोचेंती कारखान्याची लॅम्ब्रेटा स्कूटर परवान्यानें मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ह्या कंपनीनें बनविली, आणि पियाजिओची व्हेस्पा १९७१ पर्यंत परवान्यानें बजाज ऑटोनें बनविली. ह्या जुन्या स्कूटरांवर आज इटालियन बिल्ले चढवून त्यांस मिलानची किंवा पोंतेदेराची म्हणून खपविण्याचे प्रकार होतात. अशा व्यवहारांत एकट्या गिऱ्हाइकाचेच पैसे बुडतात असें नाहीं. मुंबईच्या कामगारानें ठोकलेला आकडा पुसला जातो, आणि ह्या प्रांताच्या औद्योगिक इतिहासांतील एक अस्सल साक्ष परदेशी नांवाच्या मोहापायीं नष्ट होते. ती स्कूटर मुंबईची म्हणूनच मोलाची होती, हें विकणारा व घेणारा दोघेही विसरतात.

केंद्र सरकारनें २०२१ सालीं पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठीं निराळे नोंदणीचे नियम केले; सांगाडा व एंजिन ह्यांत मोठा फेरफार नसलेलें, मूळ स्वरूपांतलें वाहन अशी त्यांत अट आहे. रस्त्यावरील वाहनापुरती ती ठीक आहे. परंतु शर्यतीच्या यंत्राला 'मूळ स्वरूप' कोणतें म्हणावें? पहिल्या शर्यतीचें, कीं जिंकलेल्या शर्यतीचें? आमच्या समजुतीप्रमाणें ह्याचें उत्तर एका तारखेंत सांपडणार नाहीं. यंत्रावर काय काय बदललें, केव्हां व कोणीं, ह्याची नोंद म्हणजेच त्याचें स्वरूप होय. ज्यांच्या घरीं असें एखादें यंत्र असेल, त्यांनीं तें करकरीत नवें करण्याच्या हौसेनें जुना रंग खरवडण्यापूर्वीं त्याचीं छायाचित्रें घ्यावींत, काढलेले भाग फेंकून न देतां नांवनिशाणीनें ठेवावेत, आणि केलेल्या प्रत्येक कामाची तारीखवार वही लिहावी. पुढें कधीं यंत्र विकावयाचें झालें, तर ती वही यंत्राबरोबर द्यावी.