चरबीला रंग चढला तेव्हा

तुपाचा डाग नुसत्या पाण्याने जात नाही, हे हिवरे बाजारसारख्या दुधदुभत्याच्या गावाला सांगायला नको. सूक्ष्मदर्शकाखालीही तीच अडचण होती; पाण्यात विरघळणारे रंग चरबीला धरत नसत. १८९६ साली डाड्डी यांनी ‘सुदान थ्री’ वापरला. हा रंग मद्यार्कापेक्षा चरबीत अधिक विरघळतो, म्हणून आपणहून तिच्यात शिरतो. शौचाच्या नमुन्यात नारिंगी थेंब फार दिसले, की स्निग्धांश पचत नसल्याची शंका येते. पुढे ‘सुदान ब्लॅक बी’ने रक्ताच्या कर्करोगाचे प्रकार वेगळे ओळखायला मदत केली, उपचार त्यावरच ठरतात. २००३ साली मात्र याच कुळातला ‘सुदान वन’ युरोपात गेलेल्या भारतीय मिरचीपुडीत सापडला. काचपट्टीवर जो निदान करतो, तोच ताटात आला की भेसळ ठरतो.