मुकादमापासून व्यवस्थापकापर्यंत

छावणीच्या काळी ज्या वस्तीस ब्लॅकपल्ली म्हणत, त्या आजच्या शिवाजीनगरात तमिळ, दखनी, कन्नड आणि आपली मराठी शेजारधर्माने नांदत आल्या आहेत. आपल्यापैकी अनेकांचे वडीलधारे या बंगळूर नगरीत आले ते कारखान्यांच्या ओढीने. १९४० मध्ये विमानांचा, १९४८ मध्ये दूरध्वनियंत्रांचा, १९५३ मध्ये यांत्रिक हत्यारांचा व १९५४ मध्ये इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा, असे मोठे कारखाने येथे उभे राहिले. नेमणूकपत्र हाती पडले की घरी पेढे वाटले जात. गुणवत्ता पाहून नोकरी देणाऱ्या अधिकाऱ्याचा हा व्यवसाय जन्मास कसा आला, याची हकिगत आपल्या मुंबईशी निगडित आहे.

मुंबईच्या गिरण्यांत प्रारंभी कामगार भरती करी तो जॉबर, म्हणजे मुकादम. कोकणातून व घाटावरून आलेल्या माणसास काम, खोली आणि उसनवारी तोच मिळवून देई. मोबदल्यात दस्तुरी घेई. त्याची मर्जी फिरली की चूल विझे. १९३१ मध्ये व्हिटले आयोगाने, भरतीचा अधिकार मुकादमाकडून काढून स्वतंत्र कामगार अधिकाऱ्याकडे द्यावा, अशी शिफारस केली. १९३४ च्या मोठ्या संपानंतर मुंबई सरकारने कायदा करून कामगार अधिकारी नेमला. गिरणीमालक संघानेही आपला अधिकारी ठेवला. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४९ व्या कलमाने, पाचशे वा अधिक कामगार असतील तेथे कल्याण अधिकारी आवश्यक ठरला.

पद निर्माण झाले. परंतु व्यवसाय केवळ कायद्याने निर्माण होत नाही. त्यास विद्या लागते, तसाच आचारधर्मही लागतो. विलायतेत यॉर्क येथे १९१३ साली कल्याण कार्यकर्त्यांनी आपला संघ काढला होता. आपल्याकडे १९४८ मध्ये कलकत्त्यास ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट’ व १९५० मध्ये मुंबईस ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ लेबर मॅनेजमेंट’ या संस्था स्थापन झाल्या. १९८० मध्ये दोहोंचा संगम होऊन ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट’ ही अखिल भारतीय संस्था साकारली. शिक्षण, प्रशिक्षण, अनुभवांची देवाणघेवाण आणि व्यावसायिक नीतीचे जतन हे तिचे हेतू. त्याच वर्षाच्या अखेरीस बंगळूरच्या सार्वजनिक कारखान्यांत दीर्घ संप सुरू झाला व तो १९८१ पर्यंत चालला. मालक व कामगार यांमध्ये उभ्या असलेल्या या अधिकाऱ्याचे काम किती अवघड, हे तेव्हा या शहराने पाहिले.

आम्ही केंद्र सरकारच्या सेवेतील. कारखानदारीशी आमचा संबंध कागदोपत्रीच. तरी एक प्रसंग येथे सांगणे आम्हांस कर्तव्य वाटते. सेवेच्या प्रारंभी आम्ही ज्या कार्यालयात होतो, तेथील कंत्राटी झाडूवाल्या बायांचे दोन महिन्यांचे वेतन थकले होते. त्या आमच्या टेबलापाशी आल्या. वरिष्ठांचे उत्तर ठरलेले होते : ‘ती माणसे आपली नव्हेत, कंत्राटदाराची.’ तेच उत्तर आम्ही त्यांना ऐकवले. वस्तुतः १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानुसार, कंत्राटदाराने वेतन चुकविल्यास ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येत होती. तो कायदा आमच्या मागच्याच कपाटात होता. आम्ही तो उघडला नाही. वेतन पुढे मिळाले, परंतु त्यात आमचा वाटा नव्हता.

ज्या मुकादमास दूर सारण्यासाठी हा व्यवसाय जन्मला, तो कंत्राटदाराच्या रूपाने पुन्हा दाराशी उभा राहू शकतो. त्याला आत घेणारे आपणच सुशिक्षित अधिकारी असतो. आज आपली पुढची पिढी मोठ्या कंपन्यांत ‘एच. आर.’ची पदे भूषवीत आहे, याचा आम्हांस अभिमान आहे. मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी वर्षी तिला आमचे एवढेच सांगणे आहे की, दाराशी आलेल्या माणसास ‘तू आमचा नव्हेस’ असे सांगण्यापूर्वी कपाटातला कायदा एकदा उघडून पाहावा. आपले आजोबाही कधीकाळी अशाच एखाद्या दाराशी उभे होते.