साने गुरुजी : अमळनेरने घडविलेला राजकीय लेखक

'श्यामची आई'चे लेखक म्हणून साने गुरुजींना सारा महाराष्ट्र ओळखतो. मात्र खानदेशात, विशेषतः अमळनेर परिसरात, त्यांची आणखी एक ओळख आहे. शेतसाऱ्यासाठी सरकारशी भांडणारा कार्यकर्ता आणि साप्ताहिकाचा संपादक, ही ती ओळख. ज्या सरकारशी ते भांडले ते त्यांच्याच पक्षाचे होते, हे यातील विशेष.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे झाला. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. प्रताप शेठ यांच्या औदार्यातून उभी राहिलेली ही संस्था देशभरातील अभ्यासकांना परिचित होती. पण तेथील शांत चिंतनात गुरुजींचे मन रमले नाही. १९२४ मध्ये ते गावातील खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत (पुढील प्रताप हायस्कूल) शिक्षक झाले व वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. वसतिगृहातील मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढीत. पुढे 'विद्यार्थी' हे मासिकही त्यांनी चालविले. रोज ठरलेल्या वेळी, ठरावीक वाचकासाठी, साध्या भाषेत लिहिण्याची सवय त्यांना येथेच लागली. पत्रकारितेचे शिक्षण देणाऱ्या संस्था नसलेल्या त्या काळात याहून चांगली उमेदवारी क्वचितच कुणाला लाभली असेल.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. धुळे आणि त्रिचनापल्ली येथील तुरुंगांत त्यांनी शिक्षा भोगली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर दिलेली प्रवचने लिहून घेणारे हात गुरुजींचेच. 'श्यामची आई' १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहून झाली.

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन फैजपूर येथे जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरले. धनाजी नाना चौधरी आदी स्थानिक कार्यकर्त्यांसमवेत गुरुजी त्याच्या प्रचारासाठी गावोगाव हिंडले. याच अधिवेशनात पक्षाने आपला शेतीविषयक कार्यक्रम मांडला. सारा व खंड कमी करणे, तोट्यातील लहान जमिनींना साऱ्यातून वगळणे, कर्जाच्या ओझ्यातून शेतकऱ्याला सोडविणे अशी आश्वासने त्यात होती. सात महिन्यांत, जुलै १९३७ मध्ये, मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ सत्तेवर आले. आता आश्वासनांची परीक्षा होती.

१९३८ मध्ये गुरुजींनी अमळनेरहून 'काँग्रेस' नावाचे साप्ताहिक सुरू केले. नाव पक्षाचे, पण आवाज शेतकऱ्याचा व गिरणी कामगाराचा, असे त्याचे स्वरूप होते. पूर्व खानदेशात पिके बुडाली तेव्हा शेतसाऱ्यात सूट मिळावी ही मागणी त्यांनी लावून धरली. त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे पीक सोळा आण्यांपैकी किती आणे आले, हे महसूल खाते ठरवीत असे. ही आणेवारी पाहून सारा तहकूब करायचा, माफ करायचा की पुरता वसूल करायचा याचा निर्णय होई. साहजिकच कागदावर एखाददुसरा आणा जास्त चढला तरी शेतकऱ्याचे दावे-बैल विकण्याची वेळ येई. गुरुजींनी हा प्रश्न लेखांतून, सभांतून आणि गाण्यांतून मांडला. आपलेच मंत्री अडचणीत येतील, ही सबब त्यांनी मानली नाही. पक्षातील अनेकांना ते रुचले नाही. साप्ताहिकाला दीर्घ आयुष्य लाभले नाही. जाहिरातींच्या बळावर चालावे असे ते पत्रच नव्हते.

१९४२ च्या लढ्यात गुरुजी भूमिगत झाले व पुढे पुन्हा तुरुंगात गेले. सुटकेनंतर त्यांनी हाती घेतलेला सर्वांत मोठा प्रश्न पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचा. मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी त्यांनी आधी महाराष्ट्रभर दौरा करून लोकमत तयार केले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. खुद्द गांधीजींना हे उपोषण मान्य नव्हते. गांधीजींवर अपार श्रद्धा असूनही गुरुजी मागे हटले नाहीत. दादासाहेब मावळंकर आदींच्या मध्यस्थीनंतर दहा दिवसांनी, मंदिर उघडण्याचे ठरल्यावर, उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी मुंबईत 'साधना' साप्ताहिक सुरू केले. छात्रालयातील हस्तलिखितापासून सुरू झालेला त्यांचा संपादकीय प्रवास येथे स्थिरावला. समाजवादी विचार, भाषाभगिनींना जोडणारी 'आंतरभारती'ची कल्पना आणि गांधीहत्येनंतरचे आत्मपरीक्षण हे त्यांच्या अखेरच्या लेखनाचे विषय होते. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दाक्षिणात्य सहकाऱ्यांच्या सहवासात आंतरभारतीचे बीज पडले होते. तमिळ 'कुरल'चा मराठी अनुवादही त्यांनी केला. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपले जीवन संपविले. त्यांचे 'साधना' आज पुण्याहून प्रसिद्ध होते.

अमळनेरमध्ये १९५२ नंतर दुसऱ्यांदा, फेब्रुवारी २०२४ मध्ये, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. प्रताप महाविद्यालयाच्या प्रांगणात उभारलेल्या या संमेलननगरीला साने गुरुजींचे नाव देण्यात आले होते.